सतरा नंबरचा दगड

“माझा दगड हरवलाय. तेवढा शोधून द्या,” बाई खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या.

श्रीमंत मठपतींनी चहाचा कप खाली ठेवला आणि वहिनींकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे सुकन्या मठपती, लातुरात खाजगी चौकशा करणारी एकमेव बाई. नवरा गेल्यावर त्याचं टायपिंगचं दुकान मोडून तिनं हा उद्योग सुरू केला, तेव्हा लोक हसले होते. आता त्याच लोकांच्या मुलींची स्थळं ती तपासून देत होती. बाकीची कामं आईबापांची असत. उदगीरहून, मुरुडहून, शिरूर अनंतपाळहून इथं शिकायला ठेवलेलं पोर क्लासात बसतं की थेटरात, एवढंच त्यांना कळायला हवं असे.

ऑफिस क्लासेसच्या गल्लीत होतं, एका क्लासच्या डोक्यावर. खालून दिवसभर सूत्रं ऐकू येत आणि मार्कर पेनांचा उग्र वास येई. गल्लीतून खडू केव्हाच हद्दपार झाला होता. सगळीकडे पांढरे फळे. संपलेली पेनं पोरं जिन्यात टाकत आणि श्रीमंतभाऊजी ‘एखादं चालेल’ म्हणून ती उचलून ठेवत. भाऊजी एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. भोंग्यावर जे सांगितलं जातं ते खरं मानायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. जुनी मारुती व्हॅन त्यांची, चालवणार तेच, म्हणून चौकशीत भागीदारही तेच.

“काकू, आधी बसा,” सुकन्या म्हणाली. “कसला दगड?”

बाईंचं नाव चंद्रप्रभा कंधारकर. साठीच्या, नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या. पिशवीतून त्यांनी घड्या पडून मऊ झालेलं एक रंगीत माहितीपत्रक काढलं. ‘तेरणा व्ह्यू हॉलिडे क्लब.’ निळा तलाव, लाल कौलांच्या कॉटेजेस आणि छत्रीखाली बसलेलं एक गोरं कुटुंब.

गोष्ट अशी होती. तेरणेच्या काठाला एक गुंठा जागा घ्यायची. तिथं राहायला जायचं नाही, घरही बांधायचं नाही. जागा नावावर झाली की माणूस क्लबचा तहहयात सभासद. मग दरवर्षी एक आठवडा क्लबच्या कॉटेजमध्ये फुकट. महाबळेश्वरला, नाहीतर कोकणात समुद्राकाठी. नांदेडच्या एका हॉटेलात पडद्यावर चित्रं दाखवली, गुलाबजाम वाढले आणि मास्तर, कारकून, कंपाउंडर अशा चाळीसेक घरांनी त्या संध्याकाळीच जागा घेऊन टाकल्या. जागा इतकी स्वस्त होती की जागेकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी सवलती पाहिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा बस करून पुरुषमंडळी जागा बघून आली. प्रत्येक गुंठ्यावर नंबर घातलेला सिमेंटचा दगड. कंधारकरांचा सतरा नंबर. पावसाळा संपल्यावर क्लबचा नवा नियम आला: नवरा-बायकोनं आपापल्या दगडाशेजारी उभं राहून फोटो काढायचा, तो क्लबला द्यायचा, मगच सवलती सुरू. म्हणून दसऱ्यानंतर सगळे पुन्हा गेले. तर दगडच नाहीत. नुसते खड्डे.

“दगड नाही तर फोटो नाही,” चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या, “आणि फोटो नाही तर समुद्र नाही.”

“काका काय म्हणतात?”

“हे त्या दिवशी आलेच नाहीत. क्लास होता म्हणे. मी एकटीच गेले बाकीच्यांसोबत.”

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. यजमान श्रीपादराव मास्तर. नोकरी जिल्हा परिषदेची, लातूरकडच्या खेड्यांत. काकू मुलांना आणि सासूसासऱ्यांना घेऊन नांदेडला, मास्तर एका खोलीत हातानं करून खात. शेवटचं गाव भूकंपात गेलं. मास्तर अनंत चतुर्दशीला घरी आले होते म्हणून वाचले. त्या गावाचं नाव घरात कुणी घेत नाही. नंतर त्यांनी बदली करून घेतली, आता निवृत्त आहेत. दर शनिवारी लातूरला येतात, ‘गुणवंत’ क्लासमध्ये शिकवतात, रात्री कुणा सोबत्याकडे राहतात आणि रविवारी रात्री परत.

“मुलगा डॉक्टर झाला, परदेशी गेला. मुलीचं झालं. आता मला माझ्यापुरतं एकच पाहिजे,” काकू म्हणाल्या. “नांदेडातच जन्मले, नांदेडातच दिली. गोदावरी रोज बघते. पण तिचा पलीकडचा काठ दिसतो हो. मला एकदा असं पाणी बघायचंय, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.”

भाऊजींनी रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. सुकन्यानं माहितीपत्रकाची घडी नीट घातली आणि काम घेतलं.

*

अमरेश हा क्लबचा मालक. त्याचं ऑफिस बार्शी रोडला होतं. काचेच्या पेटीत रिसॉर्टचा पुठ्ठ्याचा नमुना, तलावाच्या जागी निळा जिलेटिन कागद. माणूस पस्तिशीचा, बोटांत अंगठ्या, बोलणं लोण्यासारखं.

दगडांचा विषय निघताच मात्र त्याला घाम फुटला. सुकन्यानं तो घाम नीट पाहून घेतला. एसी चालू होता. त्याचं म्हणणं, बाजूच्या शेतकऱ्यानंच नेले असणार. पोलिसांत का गेला नाहीत, तर क्लबचं नाव खराब होतं. सातबारा कुठाय, तर प्रोसेसमध्ये आहे. फोटोचा नियम कुणी काढला, तर कमिटीनं. कमिटीत कोण, तर तोच.

“जागा लातूर जिल्ह्यातली आणि विकली सगळी नांदेडला. लातुरात एकसुद्धा नाही?” सुकन्यानं विचारलं.

“लातूरवाल्यांचा सगळा पैसा क्लासच्या फीला जातो, मॅडम,” अमरेश हसून म्हणाला.

भाऊजींना ते पटलं. जिना उतरताना ते म्हणाले, “वहिनी, चोर हाच. दगड गेले की याला सवलती द्यायलाच नकोत. उघड आहे.”

“उघड आहे खरं,” सुकन्या म्हणाली. “पण तो घाबरला का?”

*

औशावरून पुढं, क्लबचा फाटा चुकल्यानं, ते एका नव्या गावात शिरले. भूकंपानंतर वसवलेलं, एका साच्यातली घरं, सरळ रस्ते. कमानीवरचं नाव भाऊजींनी मोठ्यानं वाचलं: गोंदणवाडी. तिथून मागं येऊन कच्च्या रस्त्यानं थोडं खाली क्लबची जागा होती.

आजूबाजूला काळीभोर जमीन, तुरी फुललेल्या, आणि मधोमध हा एवढा तुकडा सपाट करून सोडलेला, फिकट, कुसळांनी भरलेला. भाऊजींनी पायानं ढेकूळ फोडलं.

“पांढरी माती. पिकत नसणार, म्हणून स्वस्त.”

सुकन्या खड्ड्यांपाशी उकिडवी बसत पुढं सरकत होती. खड्डे अरुंद, हातभर खोल. कडांना खुरप्याच्या पात्याएवढ्या खुणा. काही खड्ड्यांत पावसाळ्यातलं गवत उगवून, वाढून, वाळूनही गेलेलं. काहींत कोवळं हिरवं. दोन-तीनांच्या कडा अजून धारदार, आत गवताची काडी नाही.

जागेच्या टोकाला वेड्या बाभळींचं दाट बन होतं. तिकडं जाताना भाऊजी गवतात अडखळले. जमिनीतून गुडघ्याएवढा गंजका लोखंडी पाईप वर आलेला. त्यांनी अमरेशच्या सात पिढ्यांची आठवण काढली. त्यांच्या मते तो कुंपणाचा खांब होता. बनाच्या अलीकडे कमरेएवढ्या भिंतीचा तुकडा उभा होता, एका बाजूनं काळा.

“कुणाची तरी चूल असेल,” भाऊजी म्हणाले.

सुकन्यानं त्या काळ्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छच राहिलं.

तेवढ्यात एक तरुण शेतकरी कडब्याची पेंढी टाकून आला. शिवमूर्ती. विशीतला, अंगानं खणखणीत, आणि बनाच्या वाटेवर असा उभा राहिला की पुढं जायचं म्हणजे त्याला बाजूला करूनच.

“तिकडं काटं लई हायत,” तो म्हणाला. “जाऊ नगा.”

दगडांचं विचारल्यावर त्यानं लगेच सांगितलं. दिवाळीच्या आधी एका रात्री ट्रॅक्टर आला, ट्रॉली लावली आणि समदे दगड एका खेपेत भरून नेले. त्यानं स्वतः पाहिलं. नंबर दिसला न्हाई.

“ही जागा कुणाची होती?”

“गावाची. नवं घर घेतलं अन् ज्यानं त्यानं जुनं सोडलं.”

“सोडलं म्हणजे?”

“सोडलं म्हंजी सोडलं.” आणि त्यानं तोंड फिरवलं.

भाऊजींना तहान लागली होती. इथं पाणी कुठं मिळेल, असं त्यांनी विचारलं. शिवमूर्ती म्हणाला, इथं कुठलं पाणी, गावात चला. आणि स्वतः घरी नेऊन तांब्या भरून दिला. त्याच्या ओसरीवर दोन बाजा होत्या, एकीवर स्वच्छ धुतलेली सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली. घरात तो एकटाच राहत होता.

परत फिरताना भाऊजींनी मत बदललं. ट्रॅक्टर म्हणजे माणसं लागणार, पैसा लागणार, अमरेशनंच पाठवला. सुकन्या खिडकीबाहेर बघत होती.

“भाऊजी, एका रात्रीत काढलेल्या खड्ड्यांत गवत वेगवेगळ्या वयाचं कसं असेल?”

भाऊजींनी निलंगा फाट्यावर विनाकारण हॉर्न वाजवला.

*

नांदेडला कंधारकरांचं घर गाडीपुऱ्याच्या एका गल्लीत, दोन खोल्यांचं. भिंतीवर मागच्याच्या मागच्या सालचं कॅलेंडर होतं, जुलैच्या पानावर थांबलेलं. पानावर समुद्र. तारखा जुन्या झाल्या तरी पान उलटलं नव्हतं. देव्हारा भरलेला, पण गणपती तेवढा दिसत नव्हता. यांना नको असतो, असं काकूंनी हळूच सांगितलं. चतुर्दशीला ढोल वाजायला लागले की हे कानाला मफलर गुंडाळून आतल्या खोलीत बसतात.

अंगणात दोरीवर शर्ट वाळत होते. काकू ते झटकून आत आणत तक्रार करत राहिल्या. लातूरहून आले की खांदे धरून बसतात, मीच तेल चोळून देते. आणि खिशात नेहमी खडूचा चुरा. धुऊन धुऊन बेजार झाले. हे क्लासवाले मास्तरांकडून हमाली करून घेतात की शिकवून घेतात?

श्रीपादराव दारात उभे राहून हसले. उंच, सडपातळ माणूस. हसू चेहऱ्यावर येऊन फार थांबत नसे. त्यांनी सुकन्याला आदरानं बसवलं, चहा स्वतः आणला. दगड कुणी नेले असतील याबद्दल त्यांना काहीच वाटत नव्हतं. गेले तर गेले.

“तुमचा सतरा नंबर नेमका कुठं होता, सर?”

“हापशाच्या डाव्या अंगाला,” ते म्हणाले, आणि कप तोंडाला लावला.

भाऊजींनी ते वहीत लिहून घेतलं. सुकन्यानं लिहिलं नाही. ती कॅलेंडरकडे बघत होती.

“समुद्र कुणाला बघायचाय, सर? काकूंना की तुम्हाला?”

श्रीपादरावांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. “मी पण पाहिला नाही अजून,” ते म्हणाले. “शिकवला मात्र पुष्कळ.”

निघताना सुकन्यानं काकूंना गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत घेतलं आणि एक प्रश्न विचारला. काकूंनी आधी मागं वळून दार बंद आहे का ते पाहिलं आणि मगच उत्तर दिलं. ते ऐकल्यावर अहमदपूर येईपर्यंत सुकन्यानं भाऊजींना कॅसेटसुद्धा लावू दिली नाही.

*

पुढच्या रविवारी सकाळी तिनं सगळ्यांना जागेवरच बोलावलं. दगड सापडले, एवढाच निरोप दिला होता. अमरेश गाडीतून नव्या बुटांत उतरला. चंद्रप्रभाकाकू भाऊजींच्या व्हॅनमधून आल्या. फोटो काढायचा म्हणून ठेवणीतली साडी नेसलेल्या. हे काल लातूरला आलेत, क्लास सुटला की येतीलच, असं त्यांनी दोनदा सांगितलं. शिवमूर्ती बनाच्या वाटेवर आधीच येऊन उभा होता, हात छातीवर बांधून.

“दगड कुठायत?” अमरेशनं विचारलं.

“सांगते. आधी ते कसे गेले ते ऐका,” सुकन्या म्हणाली. ती भिंतीच्या तुकड्याला टेकून उभी होती. “हा म्हणतो ट्रॅक्टर आला, एका रात्रीत सगळे नेले. पण खड्डे बघा. यातला एक पावसाळ्याआधीचा आहे, हा श्रावणातला, हा दसऱ्याच्या जरा आधीचा. म्हणजे कुणीतरी महिनोन्‌महिने, एक-एक दोन-दोन दगड काढलेत. खुरप्यानं. ट्रॅक्टरवाला खुरपं घेऊन येत नाही. हा एकट्या माणसाचा उद्योग, आणि त्याचे खांदे दुखत असणार.”

काकूंनी पदराचं टोक हातात धरलं.

“मग शिवमूर्ती खोटं का बोलला? स्वतः चोर असता तर त्यानं आम्हाला घरी नेऊन पाणी पाजलं नसतं. तो कुणाला तरी झाकत होता. त्याच्या घरी पाहुण्याची बाज आहे. कुणीतरी मुक्कामाला येतं.”

“अमरेशच का नाही?” भाऊजींनी विचारलं. त्यांना अजून आशा होती.

“कारण याला दगडच तर विकायचे होते, भाऊजी. दुसरं आहे काय याच्याकडे? दगड गेल्याचं ऐकून हा खरोखर घाबरला. लोक उद्या मोजणी मागतील, आणि मोजणी आली की जागा कुणाची, हा प्रश्न येणार. माती पांढरी आहे, तुम्हीच म्हणालात. चहूकडे काळी आणि मधे पांढरी, म्हणजे काय? शेताची ती काळी, घरं असतात ती पांढरी. आपण नापीक रानात नाही, गावात उभे आहोत. जुन्या गोंदणवाडीत. लातुरात हे कुणीही ओळखलं असतं, म्हणून यानं जागा विकली नांदेडला.”

वाऱ्यानं कुसळं हलली. अमरेशनं बुटावरची माती झटकली.

“आता हा पाईप. भाऊजींना कुंपणाचा खांब वाटला. पण नांदेडला एका माणसानं मला सांगितलं की सतरा नंबर हापशाच्या डाव्या अंगाला होता. शिवमूर्ती, हापशाचं डोकं कधी काढलं?”

“गाव उठलं तवा,” शिवमूर्ती खाली बघत म्हणाला. “म्या धा वर्साचा बी नव्हतो.”

“म्हणजे उन्हाळ्यात बसमधून आलेल्या कुणालाही इथं हापसा दिसणं शक्य नव्हतं. तो दिसायला माणूस त्याच्याही आधी इथं असायला हवा. ही भिंत चुलीची नाही. काजळी बोटाला लागते, हा लागत नाही. हा रंग आहे, फळ्याचा. आणि आमच्या गल्लीत, काकू, ‘गुणवंत’मध्येसुद्धा, खडू वापरायचा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. मी काल विचारून आले. तिथं कंधारकर नावाचे सर कधी नव्हतेच.”

चंद्रप्रभाकाकूंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याच्यातलं रक्त उतरत गेलं.

“त्या दिवशी गल्लीत मी तुम्हाला सरांच्या भूकंपात गेलेल्या गावाचं नाव विचारलं,” सुकन्या हलक्या आवाजात म्हणाली, “तुम्ही म्हणालात, गोंदणवाडी.”

मग बनाच्या पलीकडून आवाज आला. माणूस मोठ्यानं, सावकाश, एकेक नाव घेत होता, आणि प्रत्येक नावानंतर थांबत होता.

शिवमूर्ती वाटेतून बाजूला झाला.

बाभळींमधून एका माणसापुरती वाट तोडलेली होती. पलीकडे शहाबादी फरशीची जमीन, झाडून स्वच्छ केलेली. तिच्यावर दगड मांडले होते. ओळीनं, एकामागं एक, बनातून आरपार आलेल्या त्याच काळ्या भिंतीच्या पडक्या टोकाकडे बघत. रंगाचे नंबर मागं गेले होते; पुढच्या बाजूला खडूनं नावं. भागुबाई. ईश्वरप्पा. मदार. रत्नम्मा. उरलेले दगड कडेला नीट रचलेले. समोर एका दगडावर श्रीपादराव बसले होते, हातात खडू, गुडघ्याशी पांढरी पूड. त्या दगडावर नाव नव्हतं. मागं सतरा आकडा होता.

अमरेशला आता बळ आलं. हा क्लबच्या मालमत्तेचा प्रश्न आहे, तो म्हणाला, मी पोलिसांत जाणार.

“चला की,” सुकन्या म्हणाली. “ते पहिलं विचारतील की जागा कुणाची. सोडलं म्हणजे काय, ते सांग रे शिवमूर्ती यांना.”

“नवं घर मिळालं तवा जुनी जागा सरकारला लिवून दिली समद्यांनी,” शिवमूर्ती म्हणाला. “ह्यांचा नऊ नंबर आमच्या आईच्या सैपाकघरात हुता.”

अमरेश आल्या वाटेनं गेला. बाभळीनं त्याचा शर्ट दोनदा धरला. पुढं त्याच्याशी भांडायला नांदेडची चाळीस घरं होती आणि त्यांना काय मागायचं ते सुकन्यानं नंतर नीट सांगितलं. पण ते दुसऱ्या दिवसापासूनचं.

श्रीपादराव उठले नाहीत. ठेवणीतल्या साडीतल्या बायकोकडे बघत राहिले.

“मी तुझ्यासाठीच घेतली होती,” ते म्हणाले. “पत्रकात गावाचं नाव नव्हतं. बसमधून उतरलो, सगळे आपापला नंबर शोधत होते. माझा दगड माझ्या वर्गाच्या उंबऱ्यात रोवलेला होता. त्याच्याशेजारी उभं राहून हसायचं कसं, सांग.”

काकू पुढं झाल्या. त्या ओळींमधून चालत गेल्या, एकेक नाव वाचत. पावसात ही नावं जात नाहीत का, त्यांनी विचारलं. जातात, मास्तर म्हणाले, म्हणून तर दर रविवारी यावं लागतं. मग त्या थबकल्या. ओळींत मधेमधे जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या.

“इथं कुणी नाही?”

मास्तरांनी शिवमूर्तीकडे पाहिलं. शिवमूर्ती पुढं आला, चपला काढल्या, आणि दुसऱ्या ओळीतल्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसला.

“ही माझी,” तो म्हणाला. “वाचलेल्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात गुरुजींनी. कवा तरी येतील म्हणून.”

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकू वाकल्या, नवऱ्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्यांचा हात पदरानं पुसला.

“मला का नाही सांगितलं?”

“तुला समुद्र सांगितला होता ना,” श्रीपादराव म्हणाले. “यांना पण. कोकणाचा धडा चालू होता. भागी म्हणाली, गुरुजी, समुद्राचा आवाज कसा असतो? मला कुठं माहीत होतं? म्हटलं, गणपतीची सुट्टी होऊ दे, मग सांगतो.”

*

क्लबचा समुद्र कुणालाच मिळाला नाही. भाऊजींनी मात्र एसटीतल्या जुन्या ओळखी काढून कंधारकरांना ‘आवडेल तेथे प्रवास’चे दोन पास करून दिले, सगळ्या गाड्यांच्या वेळा स्वतःच्या अक्षरात लिहून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भोंग्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक वेळ फोन करून ताडून पाहिली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सुकन्या औशाकडे स्थळाच्या चौकशीला निघाली होती. व्हॅन आपोआप कच्च्या रस्त्याला वळली. निदान भाऊजी तसं म्हणाले.

बनापलीकडे श्रीपादराव दुसऱ्या ओळीत, शिवमूर्तीच्या मागच्या मोकळ्या जागेत खाली बसले होते, गुडघे जवळ घेऊन, शाळेतल्या पोरासारखे. चंद्रप्रभाकाकू भिंतीपुढं उभ्या होत्या, एक हात सतरा नंबरच्या दगडावर. नाक उन्हानं सोललेलं.

“आधी वास येतो,” त्या ओळींना सांगत होत्या. “खारट, ओला. पाणी अजून दिसत नाही. मग आवाज. पलीकडं जत्रा भरल्यासारखा वाटतो, पण जत्रा थांबते, हा थांबत नाही. आणि भागुबाई, तू विचारलं होतंस ना? एकदम जवळ गेलं की कळतं. तो येतो, आणि परत जाताना प्रत्येक वेळी पायाखालची वाळू थोडी सोबत नेतो. सगळी नाही नेत. थोडी ठेवतो.”

सुकन्यानं भाऊजींना खूण केली आणि दोघं मागच्या मोकळ्या जागांत, आवाज न करता, खाली बसले.